हे खरे आहे काय?

"सन्माननीय महसूल मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय?" आपल्या विधिमंडळात आमदारांचे लेखी प्रश्न या वाक्याने सुरू होतात. खाते बदलले की मंत्र्याचे नाव बदलते, वाक्य तेच राहते. पुढे क्रमांक घालून प्रश्न येतात. एक : अमुक तालुक्यात अमुक झाले आहे, हे खरे आहे काय? दोन : असल्यास, त्यामागची कारणे काय आहेत? तीन : असल्यास, शासनाने कोणती कार्यवाही केली? चार : नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

उत्तरांचीही एक ठरलेली भाषा आहे. "हे खरे आहे." "हे अंशतः खरे आहे." "हे खरे नाही." आणि सगळ्यांत लाडके, "प्रश्न उद्भवत नाही."

मी पस्तीस वर्षे शाळेत इतिहास-नागरिकशास्त्र शिकवले. तारांकित प्रश्न म्हणजे ज्याचे उत्तर मंत्री सभागृहात तोंडी देतात आणि ज्यावर उपप्रश्न विचारता येतो. अतारांकित म्हणजे ज्याचे उत्तर लेखी मिळते आणि उपप्रश्नाला वाव नसतो. एवढे लिहिले की दोन गुण पदरात. पुस्तकातही त्याहून जास्त काही नव्हते. निवृत्तीनंतर वेळ मिळाला तसे विधिमंडळाचे आणि संसदेचे प्रश्नोत्तरांचे कागद वाचायची सवय लागली. घरचे हसतात. "आईचे दुपारचे मनोरंजन" असे आमच्या सूनबाईंनी त्याला नाव दिले आहे. पण त्या रूक्ष कागदांमागे शंभर-सव्वाशे वर्षांची झटापट आहे. सरकारजवळ असलेला आकडा सरकारकडून सहीनिशी बाहेर काढायचा, ही ती झटापट. आज तीच थोडी उलगडून सांगते.

हिंदुस्थानच्या कारभाराबद्दल हिंदुस्थानात प्रश्न विचारायची सोय नव्हती, तेव्हा ते लंडनला पार्लमेंटात विचारले जात. हेन्री फॉसेट नावाचे एक अंध सभासद होते, अर्थशास्त्राचे प्राध्यापक. १८६७ साली तुर्कस्तानच्या सुलतानाच्या सन्मानार्थ लंडनच्या इंडिया ऑफिसात नाचाची मोठी मेजवानी झाली आणि तिचा खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकण्यात आला. फॉसेट यांनी त्याचा जाब विचारला. आपल्याकडचे लोक त्यांना "हिंदुस्थानचे सभासद" म्हणू लागले ते अशा प्रश्नांमुळे. पुढे १८९२ साली खुद्द दादाभाई नौरोजी फिन्सबरीतून निवडून जाऊन तिथे बसले. दादाभाईंची सगळी लढाईच आकड्यांची. हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपये, हा हिशेब त्यांनी १८७० च्या दशकात मांडला तो सरकारी अहवालांतले पिकांचे आणि भावांचे आकडे जुळवून. त्या सरकारी आकडेमोडीतल्या चुकाही त्यांनी दाखवल्या. एका प्रांताची सरासरी काढताना जिल्ह्यांचे दर नुसते बेरजेला घ्यायचे, कुठल्या जिल्ह्यात किती जमीन लागवडीखाली आहे ते पाहायचेच नाही, ही त्यातली एक. आमच्या सातवीच्या मुलांनी असे केले असते तर मी गणित पुन्हा सोडवायला लावले असते.

इथे, आपल्या देशात, प्रश्न विचारण्याचा हक्क मिळाला तो १८९२ च्या कौन्सिल कायद्याने. त्याआधी १८५३ ते १८६१ या काळात कलकत्त्याच्या कायदे कौन्सिलात सभासद सरकारला प्रश्न विचारू लागले होते. ते सरकारला खपले नाही, आणि १८६१ च्या कायद्याने कौन्सिलाचे काम फक्त कायदे करण्यापुरते बांधून टाकले. तीस वर्षांनी दार जरा किलकिले झाले. १८९३ साली भिंग्याच्या राजांनी पहिला प्रश्न विचारला. विषय काय, तर दौऱ्यावर येणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांच्या छावण्यांना माल पुरवताना गावच्या दुकानदारांना होणारा जाच! विचारणारा राजा, उत्तर देणारे साहेब, आणि प्रश्न खेड्यातल्या वाण्याचा. मला हे फार आवडते.

अटी मात्र कडक होत्या. आगाऊ सूचना द्यायची, प्रश्न माहितीपुरता ठेवायचा, आणि उत्तर मिळाल्यावर त्यावर दुसरा प्रश्न विचारायचा नाही. साहेबांनी कागद वाचला, विषय संपला. १९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्न विचारणाऱ्यालाच तेवढा उपप्रश्न विचारायची मुभा मिळाली, आणि १९१९ नंतर ती इतर सभासदांनाही मिळाली. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात ज्याला एक ओळ असते, त्याला लोकांची पंचवीस वर्षे गेली.

या काळातले सगळ्यांत मोठे नाव गोपाळ कृष्ण गोखल्यांचे. त्यांचे अंकगणिताचे पुस्तक शाळाशाळांतून चाले, त्यामुळे आम्हा मास्तर मंडळींना ते जरा जास्तच जवळचे. २६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यात त्यांनी अंदाजपत्रकावर जे भाषण केले ते इतिहासाच्या पुस्तकांत आहेच. सरकार सांगत होते, तिजोरीत शिल्लक पडते आहे, म्हणजे देश सुखात आहे. गोखल्यांनी सरकारचेच आकडे समोर ठेवून दाखवले की दुष्काळाने पिचलेल्या रयतेकडून गरजेपेक्षा जास्त कर घेतला जातो, म्हणून शिल्लक पडते. मिठावर तेव्हा मणामागे अडीच रुपये कर होता. पुढल्याच वर्षी, १९०३ मध्ये, तो दोन रुपये झाला आणि १९०७ पर्यंत एक रुपयावर आला. एकट्या भाषणाने झाले असे मी म्हणणार नाही. पण सरकारच्या वहीतून काढलेला आकडा सरकारला खोटा म्हणता येत नाही, हे तिथे दिसले.

त्या भाषणामागे आणखी एक माणूस होता. गणेश व्यंकटेश जोशी. पेशाने सरकारी हायस्कुलाचे मुख्याध्यापक! पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात ते अर्थविषयक लेख लिहीत. सरकारी अहवाल, जमाखर्च, तक्ते यांचा त्यांच्याइतका अभ्यास फार थोड्यांचा होता. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देताना आणि नंतर १९०२ च्या भाषणाच्या वेळीही गोखल्यांनी आकड्यांसाठी त्यांची मदत घेतली. शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात कोणी मुख्याध्यापक सरकारी तक्ते पाहत बसला आहे, असे चित्र माझ्या डोळ्यांपुढे येते. (कंदील माझ्या पदरचा, बाकी खरे!) सभागृहात बोलणारा एक असतो. त्याला नेमके काय विचारायचे ते सांगणारा दुसरा कोणीतरी असतो. त्याचे नाव कामकाजात येत नाही.

असो. आता आजच्या काळाकडे येते.

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. सूचना निदान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न दीडशे शब्दांत बसवावा लागतो. टीव्हीवर दिसतो तो तारांकितांचा तास, म्हणजे उपप्रश्न, चकमक आणि कधी गोंधळ. त्या वीस प्रश्नांतलेही जेमतेम काही तोंडी उत्तरापर्यंत पोचतात, उरलेल्यांची उत्तरे लेखी मिळतात. आकड्यांचे खरे कोठार आहे ते अतारांकितांच्या ढिगात. राज्यवार किती, जिल्हावार किती, मागील तीन वर्षांत किती, मंजूर पदे किती, रिक्त किती. उत्तराखाली एक ओळ असते, "माहिती सोबतच्या विवरणपत्रात दिली आहे," आणि मागे तक्ता. वर्तमानपत्रात आपण वाचतो की इतक्या हजार शिक्षकांची पदे रिक्त, इतके किलोमीटर रस्ते अपूर्ण. त्यातल्या कितीतरी बातम्यांचे मूळ अशा एखाद्या तक्त्यात असते. त्या खासदाराने सभागृहात तोंडही उघडलेले नसते, फक्त नेमका प्रश्न लिहून दिलेला असतो.

हा आकडा येतो कुठून, ते मात्र मी प्रत्यक्ष पाहिले आहे. सरकारी कचेऱ्यांत विधानसभेच्या प्रश्नाला "एलएक्यू" म्हणतात. हा शब्द उच्चारला की भल्याभल्यांची दुपारची झोप उडते. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तालुक्याहून केंद्रप्रमुखांमार्फत शाळेत कागद येई. वर "अतितात्काळ", खाली "आज दुपारी चारपर्यंत माहिती खास दूतामार्फत सादर करावी". एकदा असाच कागद आला. शाळेत मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे काय? होय किंवा नाही. आमच्या त्या शाळेत ते होते. चांगले पक्के बांधलेले. पाण्याची सोय नव्हती म्हणून त्याला कुलूप होते आणि आठवी-नववीच्या मुली दुपारनंतर घरी निघून जात. मुख्याध्यापकांनी "होय" लिहिले. दुसरे काय लिहिणार? विचारलेल्या प्रश्नाचे ते खरेच उत्तर होते. आमचे "होय" तालुक्याच्या बेरजेत गेले, तालुक्याचे जिल्ह्याच्या, आणि कुठल्यातरी विवरणपत्रात आमच्या मुलींना स्वच्छतागृह मिळाले.

प्रश्न "वापरात असलेले, पाण्याची सोय असलेले" असा असता तर? आकडा खूप वेगळा आला असता. म्हणून मला वाटते की या सगळ्या खटाटोपात खरी कसोटी प्रश्न लिहिणाऱ्याची आहे. सरकार बहुधा खोटे बोलत नाही, विचारलेत तेवढेच सांगते.

आकड्याच्या पोटात काय असते यावरून लोकसभेत एकदा मोठा सामना झाला. तो प्रश्नोत्तरांत नव्हे, चर्चेत झाला, पण इथे सांगण्यासारखा आहे. १९६३ साली डॉ. राममनोहर लोहिया पोटनिवडणुकीत निवडून आले आणि म्हणाले की देशातली सत्तावीस कोटी माणसे रोज तीन आण्यांवर जगतात. पंडित नेहरू म्हणाले, तीन नव्हे, पंधरा आणे. (नवे पैसे येऊन तोवर सहा वर्षे झाली होती, पण आणे काही जिभेवरून गेले नव्हते!) पंधरा आणे ही साऱ्या देशाची सरासरी होती. लोहिया सरासरीबद्दल बोलतच नव्हते, ते खालच्या साठ टक्क्यांबद्दल बोलत होते. शाळेत मी उदाहरण देत असे : पाटलांकडे नऊ भाकरी, गड्याकडे एक, सरासरी पाच. गड्याचे पोट त्या पाचांनी भरते का? "सरासरी किती?" असे विचारले की गडी त्यात दिसेनासा होतो. "सर्वांत खालच्यांचे किती?" असे विचारले तरच तो दिसतो.

आता आपल्या महाराष्ट्राचा एक आकडा सांगते. वाचताना मला फार जड गेले होते. जून २०१९ मध्ये विधानसभेत एका लेखी उत्तरात सांगण्यात आले की २०१५ ते २०१८ या चार वर्षांत राज्यात १२,०२१ शेतकऱ्यांनी आत्महत्या केल्या. त्यांपैकी ६,८८८ प्रकरणे मदतीस "पात्र" ठरली.

पात्र. शाळेत हा शब्द आम्ही शिष्यवृत्तीसाठी वापरत असू. इथे त्याचा अर्थ असा, की जिल्हा पातळीवरची समिती कागद तपासते. जमीन कुटुंबाच्या नावावर आहे का, नापिकी होती का, बँकेचे, सोसायटीचे किंवा परवानाधारक सावकाराचे कर्ज थकले होते का, वसुलीचा तगादा होता का. हे जुळले तर घरच्यांना एक लाख रुपये. दुसऱ्याची जमीन कसणारा, नातलगाकडून हातउसने घेतलेला, सातबारावर नाव नसलेली बाई, यांचे कागद कसे जुळावेत? १२,०२१ मधून ६,८८८ वजा करा. ५,१३३ उरतात. ही वजाबाकी तिसरीतले पोर करील. पण प्रश्न विचारणाऱ्याने नुसते "किती कुटुंबांना मदत दिली?" असे विचारले असते, तर ६,८८८ च्या जवळपासचा आकडा मिळाला असता आणि ही उरलेली पाच हजारांवर घरे कोणाला दिसलीही नसती. एकूण किती आणि त्यांपैकी पात्र किती, हे दोन्ही विचारले गेले म्हणून ती दिसली. पात्रतेच्या अटी बरोबर की चूक यावर वाद घालता येतो तो त्यानंतर. आधी घरे मोजावी लागतात.

आणि सरकारने मोजलेच नसेल तर? त्याचेही उत्तर लेखी मिळते. करोनाच्या वर्षी, सप्टेंबर २०२० च्या अधिवेशनात, संसदेतला प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला होता. राहिले होते फक्त अतारांकित प्रश्न. एरवी ज्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही, त्यांच्यावरच सगळी भिस्त आली. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले आणि त्यांच्या घरच्यांना भरपाई दिली का, असे लोकसभेत विचारले गेले. कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की अशी आकडेवारी ठेवली जात नाही, आणि म्हणून भरपाईचा प्रश्न उद्भवत नाही. आपले ते जुने लाडके वाक्य! पण त्याच अधिवेशनात एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतल्याचा आकडा सरकारने दिला होता. परतलेले मोजले होते, वाटेत पडलेले मोजले नव्हते.

काही दिवसांनी राज्यसभेत प्रश्न जरा आवळून विचारला गेला : श्रमिक विशेष गाड्यांत किती जण दगावले? या वेळी रेल्वेकडून आकडा आला. ९ सप्टेंबरपर्यंत ९७. अगदी साहजिक आहे. रेल्वेला विचारले, रेल्वेकडे पोलिसांची नोंद होती, उत्तर मिळाले. पण ८ मे २०२० ची पहाट आठवा. जालन्याहून पायी निघालेले मध्य प्रदेशातले सोळा मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली सापडले. रुळांवर पडलेल्या भाकरी आपण सगळ्यांनी फोटोंत पाहिल्या. ते कोणत्याही श्रमिक गाडीचे प्रवासी नव्हते. त्या प्रश्नाच्या कक्षेत ते येतच नाहीत. जगाला ठाऊक असलेली माणसेही तक्त्यात यावीत म्हणून कोणीतरी त्यांच्या मापाचा प्रश्न शिवावा लागतो.

हे हत्यार गैरवापरापासून सुटलेले नाही, तेही सांगायला हवे. १९५१ साली, पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायच्याही आधी, मुद्गल नावाचे एक सभासद मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन तिच्यासाठी संसदेत प्रश्न विचारतात असे सिद्ध झाले. त्यांनी राजीनामा दिला, तरी ते बडतर्फीलाच पात्र होते असा ठराव सभागृहाने केला. डिसेंबर २००५ मध्ये छुप्या कॅमेऱ्यापुढे प्रश्नांसाठी पैसे घेताना सापडलेल्या अकरा खासदारांची एकदमच हकालपट्टी झाली. मी यातून एक उलटा अर्थ काढते. प्रश्नाला काही किंमत नसती, तर कोणी त्याचे पैसे मोजले असते का?

याच २००५ साली माहितीचा अधिकार आला. त्या कायद्याच्या आठव्या कलमात एक सुंदर वाक्य होते. जी माहिती संसदेला किंवा राज्याच्या विधानमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणत्याही व्यक्तीला नाकारता येणार नाही, असा त्याचा अर्थ. खासदाराला जे सांगता, ते चौकातल्या चांभारालाही सांगा. १८९३ मध्ये राजाला वाण्यासाठी विचारावे लागले होते, आता वाणी स्वतः दहा रुपयांचा शिक्का लावून विचारू शकत होता. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्याने त्या कलमात जो बदल घातला, त्यात हे वाक्य गळले. खासगी माहिती जपायला हवी, हे मलाही पटते. कोणाचे आजारपण किंवा कोणाची बँकेतली पुंजी गावभर व्हावी असे कोण म्हणेल? पण आमदाराचा कान आणि नागरिकाचा कान एकाच मापाने मोजणारे ते वाक्य जाऊ नये असे मनापासून वाटते. ते गेल्यावर आपल्या वतीने विचारणाऱ्यांवरची जबाबदारी तेवढी वाढली.

आपल्या घरातली पोरे आता मोठमोठ्या कंपन्यांत आकड्यांचीच कामे करतात. त्यांना माझी एक सूचना आहे. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर आपापल्या आमदारांचे प्रश्न शोधून वाचा. किती विचारले याचे कौतुक नको, काय विचारले ते पाहा. आणि तुम्हाला गावातले काही मोजलेले हवे असेल, बंद पडलेली आरोग्य केंद्रे, एसटीच्या रद्द झालेल्या फेऱ्या, कुलूप लावलेली स्वच्छतागृहे, तर नेमका प्रश्न तयार करून आमदारांकडे नेऊन द्या. गणेश व्यंकटेश जोशींनी दुसरे काय केले?

मी माझा लिहायला घेतला आहे. "राज्यातील शाळांमध्ये मुलींसाठी बांधलेल्या स्वच्छतागृहांपैकी, पाण्याची सोय असलेली व प्रत्यक्ष वापरात असलेली जिल्हानिहाय किती आहेत?" दीडशे शब्दांत अगदी आरामात बसतो.